मदत हवी आहे : नाशिकमध्ये छताखालचं टेनिस कोर्ट

मंडळी, श्रावणात आमच्या ग्रुपची पुरुष दुहेरी स्पर्धा घ्यायची आहे. पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे छत हवंच. गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा सातपूरकडे असा हॉल कुणाला माहीत आहे का? बॅडमिंटन हॉल सुचवू नका. दुहेरीचं टेनिस कोर्ट २३.७७ बाय १०.९७ मीटर, शिवाय मागे-बाजूला पळायला जागा. छतही उंच लागेल, नाहीतर प्रत्येक लॉब (उंच उडवलेला चेंडू) पंख्याला!

फॉरमॅट तुरिनच्या एटीपी फायनल्ससारखा (व्यावसायिक पुरुष टेनिसची वर्षअखेरची स्पर्धा) : आठ जोड्या, दोन गट, गटात प्रत्येकीचा प्रत्येकीशी सामना, मग उपांत्य आणि अंतिम फेरी. म्हणजे एकूण १५ सामने. ड्यूसला (४०-४० बरोबरी झाली की) एकच निर्णायक पॉइंट आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा टायब्रेक, त्यामुळे शनिवार-रविवारात उरकेल असं वाटतं. (२०१२ मध्ये भूपती-बोपण्णा याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचले होते. तेव्हा ती लंडनला होती.)

खरी अडचण : गटात तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले, तर पुढे कोण? सेटची टक्केवारी (खेळलेल्यांपैकी किती सेट जिंकले) धरली तर तो दहाचा टायब्रेक पूर्ण सेट मोजायचा का? आमच्यात यावरून आत्ताच वाद पेटलाय. पंच म्हणून काम केलेल्या कुणी सांगितलं तर बरं होईल.