ब्रिटिश शेतकऱ्याला अधिक जड काय जाते: सरकारी धोरण की नवी यंत्रे?

जिज्ञासू_वाचक

नमस्कार. ब्रिटन 2020 मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडला, त्यानंतर तिथल्या शेतीत कोणते बदल झाले याविषयी मी सध्या वाचत आहे आणि वाचावे तितका गोंधळ वाढतो आहे. एकीकडे नोव्हेंबर 2024 मध्ये लंडनमध्ये निदर्शने करणारे हजारो शेतकरी दिसतात, ज्यांचे म्हणणे असे की सरकार त्यांना जगू देत नाही. दुसरीकडे चालकाविना चालणारे ट्रॅक्टर, गाईची धार काढणारे रोबो आणि तण ओळखून तेवढ्यावरच औषध मारणारी फवारणी यंत्रे यांच्या बातम्या येतात, आणि अशा यंत्रांसाठी सरकार अनुदान देते असेही वाचनात येते. तक्रार करणारा शेतकरी आणि यंत्रे घेणारा शेतकरी हे दोन निराळे वर्ग आहेत, की एकाच माणसाच्या या दोन बाजू आहेत? धोरण आणि तंत्रज्ञान यांचा परस्परांशी नेमका संबंध काय, हे तिथली माहिती असलेल्या कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

श्रॉपशरकर

मी इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेलगत राहतो आणि गोठ्यातील यंत्रांची देखभाल हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न माझ्यासमोर एकाच अंगणात उभे असतात. माणूस बहुधा एकच असतो. त्याची अडचण अशी की यंत्राचे कर्ज जितकी वर्षे चालते, तितकी वर्षे सरकारचे धोरण टिकत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. युरोपीय संघात असताना शेतकऱ्याला जमिनीच्या क्षेत्रफळावर थेट अनुदान मिळत असे. इंग्लंडच्या सखल भागात ते हेक्टरी सुमारे 230 पौंड होते. 2020 च्या कृषी कायद्यानंतर इंग्लंडने हे अनुदान 2021 ते 2027 या सात वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले आणि त्याऐवजी पर्यावरणाच्या कामांसाठी पैसे देण्याच्या योजना आणल्या. त्यांतली सर्वांत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेलेली योजना म्हणजे शाश्वत शेती प्रोत्साहन योजना. पक्ष्यांसाठी हिवाळ्यात दाणा मिळेल असे पीक पेरले तर हेक्टरी 853 पौंड, गवताचा पट्टा राखला तर 515, असे त्याचे दरपत्रकच होते. तंत्रज्ञानही त्यात होते: कॅमेऱ्याच्या साहाय्याने तणनाशक फवारल्यास हेक्टरी 43 पौंड आणि रोबोने यांत्रिक पद्धतीने तण काढल्यास 150 पौंड. कागदावर पाहिले तर धोरण आणि तंत्रज्ञान यांचा यापेक्षा चांगला मेळ कोणता असणार?

आता त्याच शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तण काढणाऱ्या यंत्राचे हप्ते सहा-सात वर्षे चालतात. योजनेचा करार तीन वर्षांचा. तो करार तरी मिळेल म्हणून काही जण तयारी करत असतानाच 11 मार्च 2025 रोजी संध्याकाळी सरकारने नवे अर्ज घेणे तडकाफडकी थांबवले, कारण तरतूद संपली होती. बंद करण्यापूर्वी सहा आठवड्यांपर्यंतची सूचना देऊ, असे आधी सांगितलेले होते. ज्यांचे अर्ज अर्धवट भरलेले होते त्यांना नंतर मर्यादित रकमेपुरती पुन्हा संधी मिळाली, हे खरे. परंतु बँकेने एकदा तो गोंधळ पाहिला की पुढच्या वेळी ती शासकीय योजनेचे पैसे उत्पन्न म्हणून धरताना दहादा विचार करते. त्याच वर्षी जुन्या थेट अनुदानाच्या पहिल्या 30,000 पौंडांत 76 टक्के कपात झाली आणि त्यावरची रक्कम पूर्णच गेली. म्हणजे कितीही मोठा शेतकरी असला तरी हाती जास्तीत जास्त 7,200 पौंड.

धार काढणाऱ्या रोबोची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो पर्यावरणासाठी कोणी घेत नाही. पहाटे चार वाजता उठणारा गडी मिळत नाही म्हणून घेतात. गाईच्या गळ्यातील पट्ट्यावरून यंत्र तिला ओळखते, ती आपल्या मर्जीने आत शिरते आणि समोरच्या भांड्यात खुराक पडतो. मग यांत्रिक हात सड शोधून, धुऊन, चारही कप लावतो. प्रत्येक सडाच्या दुधाची विद्युतवाहकता मोजली जाते, त्यामुळे डोळ्यांना लक्षणे दिसण्याआधीच कासदाहाची, म्हणजे कासेला सूज आणणाऱ्या रोगाची, शंका मालकाच्या फोनवर येते. एक रोबो साधारण 60 गाई सांभाळतो आणि त्याची किंमत लाखाच्या घरात पौंड असते. माझ्या अनुभवात शेतकरी रोबोला क्वचितच नावे ठेवतो. दुधाचा भाव पुढच्या सहा महिन्यांत काय असेल हे ठाऊक नसताना दहा वर्षांच्या कर्जावर सही करावी लागते, याला मात्र तो मनापासून शिव्या देतो. (रात्री दोन वाजता फोन वाजला की त्या शिव्या काही काळ माझ्या वाट्याला येतात.)

हिशेबनीस

श्रॉपशरकर यांच्या विवेचनात वारसा कराची भर घालणे आवश्यक वाटते, कारण लंडनमधील निदर्शने मुख्यतः त्यावरून झाली. मी लिंकनशरमध्ये शेतकऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या एका कार्यालयात नोकरी करते.

शेतजमीन वारसांकडे जाताना 1992 पासून बहुतेक प्रकरणांत पूर्ण करसवलत होती. ऑक्टोबर 2024 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी एप्रिल 2026 पासून ती पहिल्या 10 लाख पौंडांपुरती मर्यादित करण्याचे जाहीर केले. त्यावरील मूल्यावर प्रत्यक्षात 20 टक्के कर बसणार होता, जो दहा वर्षांत बिनव्याजी हप्त्यांनी भरण्याची मुभा होती. वर्षभराच्या विरोधानंतर डिसेंबर 2025 मध्ये ही मर्यादा 25 लाख पौंड करण्यात आली, आणि पती-पत्नी मिळून ती दुप्पट होते. त्यामुळे मध्यम आकाराची बरीच कुटुंबे या कचाट्यातून सुटली, हे मान्य करायला हवे.

तंत्रज्ञानाशी याचा संबंध असा की ही मर्यादा जमीन आणि व्यवसायाची मालमत्ता मिळून एकत्रित आहे. ट्रॅक्टर, कापणी यंत्र, गोठ्यातील रोबो आणि जनावरे, सर्व काही त्याच 25 लाखांत मोजले जाते. जमिनीचे मूल्य कागदावर प्रचंड, आणि तिच्यातून मिळणारे उत्पन्न त्या मूल्याच्या मानाने अगदी तुटपुंजे, हे इंग्लंडच्या शेतीचे जुने दुखणे आहे. आमच्याकडे येणारा सत्तरीचा शेतकरी नवे यंत्र घ्यावे का हे विचारत नाही. ते कोणाच्या नावावर घ्यावे हे विचारतो. मुलाला आत्ताच भागीदार करावे, जमीन हयातीत द्यावी, की थांबावे, या विचारात एखादा हंगाम सहज निघून जातो आणि खरेदी लांबणीवर पडते.

खंडाने जमीन कसणाऱ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे, आणि त्याविषयी वर्तमानपत्रांत फार कमी येते. 1995 च्या कायद्यानंतरचे बरेच खंडाचे करार अल्प मुदतीचे असतात. तीन-चार वर्षांत जमीन सोडावी लागेल अशी शक्यता असेल, तर गोठ्याचा पाया खणून रोबो बसवण्याचा सल्ला मी तरी कोणाला देणार नाही.

जिज्ञासू_वाचक

दोघांचेही आभार. एक उपप्रश्न विचारतो. तुम्ही दोघेही इंग्लंडविषयी बोलत आहात. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये हीच परिस्थिती आहे का? आणि डोंगराळ भागातील मेंढपाळांना या यंत्रांचा काही उपयोग होतो का?

डोंगरवाट

शेती हा विषय त्या त्या सरकारच्या अखत्यारीत असल्यामुळे परिस्थिती एकसारखी नाही. स्कॉटलंडने थेट अनुदान बऱ्याच अंशी चालू ठेवले आहे. वेल्सच्या नव्या योजनेत आरंभी प्रत्येक शेतावर 10 टक्के क्षेत्र झाडांखाली असावे अशी अट होती. तिच्याविरुद्ध मार्च 2024 मध्ये कार्डिफला विधिमंडळाच्या पायऱ्यांवर 5,500 गमबुटांचे जोड मांडण्यात आले. योजनेमुळे तितके रोजगार बुडतील असा अंदाज होता. पुढे ती अट वगळून योजना जानेवारी 2026 पासून सुरू झाली. तंत्रज्ञानाच्या कायद्यांतही हाच फरक दिसतो: जनुकीय संपादन केलेल्या, म्हणजे जनुकांत नेमके फेरबदल केलेल्या, वाणांना वाट मोकळी करून देणारा 2023 चा कायदा लागवडीच्या बाबतीत इंग्लंडपुरताच आहे. ज्याची निम्मी जमीन सीमेच्या अलीकडे आणि निम्मी पलीकडे आहे, त्याने काय करावे हे श्रॉपशरकर यांनीच सांगावे.

डोंगरांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण मी इंग्लंडच्या वायव्येला कंब्रियात पशुवैद्यक म्हणून काम करतो. तण काढणारा रोबो इथे निरुपयोगी आहे; नांगरता येईल अशी जमीनच नाही. परंतु गाईंच्या गळ्यात बांधायचे आभासी कुंपणाचे पट्टे इथे खरोखरच उपयोगी पडत आहेत. शेतकरी फोनवरील नकाशावर बोटाने रेघ ओढतो. गाय त्या रेघेजवळ आली की पट्ट्यातून आवाज येऊ लागतो, त्याचा सूर चढत जातो, आणि तरीही ती पुढे गेली तर विजेचा हलका झटका बसतो. बहुतेक गाई काही दिवसांतच आवाज ऐकून वळायला शिकतात. जिथे खांब ठोकणे शक्य नाही किंवा पायवाटांमुळे तारेचे कुंपण नको असते, तिथे नाजूक दलदल किंवा रोपे लावलेला उतार चरण्यापासून वाचवता येतो. पर्यावरण योजनेत नेमके हेच काम अपेक्षित असते, त्यामुळे धोरण आणि यंत्र यांची इथे गाठ पडते.

अडचणी दोन. पहिली म्हणजे मोबाइलची रेंज, जी अनेक दऱ्यांत मिळत नाही. दुसरी मानवी आहे: डोंगरावरची बरीच कुरणे सामाईक असतात, आणि त्यांवर एखादी पर्यावरण योजना घ्यायची तर चराईचा हक्क असलेल्यांचे एकमत करावे लागते. एकाने गाईंना पट्टे बांधले आणि शेजाऱ्याच्या मेंढ्या त्याच उतारावर मोकळ्या सुटल्या, तर त्या नकाशावरच्या रेघेला काही अर्थ उरत नाही. आमच्या भागात अशा बैठका सुरू आहेत, आणि त्यांत पट्ट्यांच्या किमतीपेक्षा मेंढ्या किती कमी करायच्या यावरच अधिक वेळ जातो.

श्रॉपशरकर

सीमेवरच्या शेताबद्दल विचारलेत म्हणून सांगतो: माझ्या ओळखीच्या अशा एका शेतकऱ्याने दोन्हीकडच्या कागदपत्रांसाठी दोन स्वतंत्र कपाटे केली आहेत आणि फॉर्म भरायला आठवड्यातून एक दिवस माणूस ठेवला आहे. गोठ्यासाठी मात्र त्याला अजून गडी मिळालेला नाही, तेव्हा रोबोची चौकशी त्याने सुरू केली आहे.