मदत हवी आहे: कन्नड ते अजिंठा सायकलनं, डोंगरावरून जावं का पायथ्यानं?

येलदरीकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघी नणंद-भावजय, जिंतूरच्या. दसरा झाला की अजिंठ्याच्या डोंगररांगेतून सामान लादून सायकलनं निवांत फिरायचं ठरवायलोत. रेस नाही, किलोमीटर मोजायचे नाहीत, शांत रस्ता पाहिजे, मधी गावं पाहिजेत, दरी दिसली की थांबता आलं पाहिजे एवढंच.

हीच रांग काहून, तर आमच्या येलदरी धरणात येणारी पूर्णा तिकडं कन्नडच्या डोंगरात निघते. लहानपणापासून तिचं पाणी प्यायलो, शेताला दिलं, पण ती जिथून येते तो मुलूख कधी पाह्यला नाही, वहिनीच्या मनात हे लई दिवसापासून आहे आणि मलापण आता ते सोडवत नाही.

नकाशावर बघून दोन रस्ते दिसायलेत. एक वरून, म्हणजे कन्नड-पिशोर-भराडी करत सिल्लोडकडं आणि तिथून उंडणगाव-हळदा. दुसरा खालून, कन्नडहून गौताळा अभयारण्यातून नागदला उतरायचं आणि डोंगराच्या पायथ्यानं बनोटी, सोयगाव करत फर्दापूर. दोन्हीपैकी कुठला शांत आहे? वरच्या रस्त्यावरून दरी दिसते का नुसती शेतंच लागतात? घाट चढायचा झाला तर कुठल्या बाजूनं चढावा? आणि मुख्य म्हणजे दोन बायांना मुक्काम कुठं करता येईल, तंबू आहे पण तो उघड्या माळावर टाकायचा नाही असं घरी कबूल केलंय.

सायकली साध्या गिअरच्या, पुढं तीन चकत्या आहेत, मागची मोठी चकती 34 दात्यांची, टायर जाड. कॅरियरला दोन्ही बाजूनं पिशव्या. सेलूवरून रेल्वेनं संभाजीनगरला यायचा विचार आहे. तिथून कन्नडपर्यंतच्या हायवेची मात्र धास्ती वाटते, त्याचंही कुणी सांगा.

पिशोर_फाटा:
ताई, आधी हायवेचं सांगतो. संभाजीनगर-वेरूळ-कन्नड हा सोलापूर-धुळे महामार्ग आहे, त्यावर सामान लादलेली सायकल चालवण्यात काही सुख नाही. सायकली छोट्या टेम्पोत टाका आणि कन्नडला उतरा, खरी मजा तिथून पुढंच आहे. वेरूळ बघायचं असंल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असते.

आता वर का खाली. या रांगेचा स्वभाव असा की दक्षिणेकडून, म्हणजे आपल्या बाजूनं, ती हळूहळू चढत जाते, डोंगर आहे हे कळतपण नाही, आणि उत्तरेला एकदम कडा तुटून खानदेश चालू होतो. त्यामुळं वरच्या रस्त्यावर तुम्हाला मका, कापूस, अद्रक दिसंल, दरी दिसणार नाही. दरी पाहायची तर कड्याकडं जाणाऱ्या आडवाटा धराव्या लागतात, आणि त्या बऱ्याचदा तिथंच संपतात, अंतूर किल्ल्याकडं जाणारा रस्ता तसाच, परत मागं यावं लागतं. शिवाय कन्नड-सिल्लोड रस्त्याला वाहनं बऱ्यापैकी असतात.

खालचा रस्ता म्हणजे उजव्या हाताला सगळी रांग उभी आणि डाव्या हाताला सपाट शेतं. मी तर डोळे झाकून खालचाच सांगीन.

गौताळा_सायकल:
पिशोरवाल्या भाऊंशी सहमत, पण गौताळ्याबद्दल जरा नीट सांगतो कारण नकाशावर ते नुसतं हिरवं दिसतं.

कन्नडहून नागदला जाणारा रस्ता अभयारण्यातून जातो. 1986 ला अभयारण्य झालं, बिबट्या आहे, अस्वल आहे, रानडुकरं तर आहेतच. 2021 मध्ये टिपेश्वरच्या जंगलातून चालत आलेला वाघ इथं कॅमेऱ्यात आला होता. घाबरवायला नाही सांगत, दिवसा लोक ये-जा करतात, पण सकाळी नाक्यावर नोंद करून निघा आणि ऊन उतरायच्या आत खाली पोचा. वाटेत पाणी हमखास मिळंल असं धरू नका, कन्नडलाच प्रत्येकीनं तीन लिटर भरून घ्या. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नका.

याच जंगलात पितळखोरा लेणी आहे, खाली दरीत उतरून जावं लागतं. अजिंठा-वेरूळला जेवढी माणसं त्याच्या शंभरावा हिस्सापण तिथं नसतात. अर्धा दिवस राखून ठेवा. मला स्वतःला या सगळ्या पट्ट्यात तीच जागा सगळ्यात आवडते, पाण्याची खळखळ आणि लेणीतले हत्ती, दुसरं काही नाही. फक्त सायकल वर कुणाच्या तरी नजरेखाली ठेवा आणि पावसाळा लांबला असंल तर दगड लई निसरडे असतात.

उतारावर सामानाचं वजन सायकलीला पुढं ढकलतं. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, सोडत-दाबत या, मधी थांबून रिम गार होऊ द्या. ब्रेकचे रबर निघायच्या आधीच बदलून घ्या.

हळद्याचा_पोऱ्या:
मी हळद्याचा. आमच्या घाटाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

ताई खालच्या रस्त्यानं सोयगावला आलात तर सरळ फर्दापूरला जायचं का आमचा घाट चढून वर यायचं हे ठरवावं लागंल. सोयगावहून वेताळवाडी, मग घाट, मग वर हळदा. घाटाच्या ऐन कुशीत वेताळवाडीचा किल्ला आहे, रस्त्यावरूनच दरवाजा आणि बुरूज दिसतात, चढताना एका वळणावर सगळा किल्ला समोर येतो तिथं थांबल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. चढ खडा आहे हे खरं, पण लांबी फार नाही, सकाळी सातच्या आत सुरू केलं तर सावली मिळते कारण उतार उत्तरेकडं आहे. चढवत नसंल तर हातात धरून आणा, आमच्या गावातली पोरं शाळेला येताना तशीच आणतात.

वर आलात की उंडणगाव, अंभई जवळच. जंजाळ्याच्या अलीकडं घटोत्कच लेणी आहे, अजिंठ्याच्याच काळातली, वाकाटकांच्या मंत्र्यानं कोरून घेतलेली, तिथं पोचायला पायी उतरावं लागतं. तिथून अजिंठा गाव आणि घाट उतरून फर्दापूर. पण तो जळगाव रस्ता आहे, ट्रक असतात, तेवढाच तुकडा काळजीनं.

बालाघाट_बीड:
आमचा बालाघाटपण लक्षात असू द्या. पाटोद्याकडं सौताड्याचा धबधबा, नायगावचं मोरांचं अभयारण्य, मांजरा नदीचा उगम, आणि मधले रस्ते एकदम मोकळे. फक्त दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या ट्रक-ट्रॅक्टरची गर्दी सुरू होते त्यामुळं आमच्याकडं यायचं तर श्रावण-भादव्यात या.

पंक्चरकिट:
दोन कामाच्या गोष्टी. बाभळीचे काटे. पायथ्याच्या पट्ट्यात शेताला काट्यांचं कुंपण असतं आणि ते रस्त्यावर येतं, ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या नाहीतर टायरच्या आत पट्टी टाका. दुसरं, तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असंल तर गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही, पितळी अ‍ॅडॅप्टर मिळतो तो दोघींनी एकेक ठेवा.

वारा विचारला नाही तुम्ही पण सांगतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो, कन्नडहून सोयगावकडं येताना तो पाठीशी राहतो. दसऱ्यानंतर वारा पडतो, थंडीत तर पूर्वेकडून येतो, म्हणून मोठा पल्ला सकाळीच उरका. आणि अवकाळी झाला तर शेतातल्या कच्च्या वाटेला चुकूनही शिरू नका, काळी माती मडगार्डात भरली की चाक फिरत नाही, काडीनं कोरत बसावं लागतं.

येलदरीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी सांगंल असं वाटलं नव्हतं. वहिनीला सगळं वाचून दाखवलं. आता असं ठरवायलोत: टेम्पोनं कन्नड, तिथं मुक्काम, दुसऱ्या दिवशी पितळखोरा बघून परत कन्नड म्हणजे जंगलात अंधार होणार नाही, मग सकाळी लवकर निघून नागद, पुढं बनोटी, सोयगाव, आणि हळद्याचा घाट चढायचाच. फर्दापूरला पर्यटन महामंडळाचं निवास आहे ते आधीच बुक करते.

अडचण उरली ती बनोटीची. नागदहून सोयगाव एका दमात आमच्यानं होणार नाही, मधी एक रात्र पाहिजे.

पिशोर_फाटा:
बनोटीला अमृतेश्वराचं मंदिर आहे, मोठं आवार आहे. पण ऐनवेळी जाऊन विचारू नका. आधी ग्रामपंचायतीत फोन करून दोघीजणी येतोय म्हणून सांगा, सरपंच किंवा पोलीस पाटलाच्या कानावर असलं की कुणाच्या तरी घरीच सोय होते, आणि बायाबापड्या पाहुण्या म्हणल्यावर आमच्या भागात मंदिरात झोपू देत नाहीत, घरातच नेतात. पावसाचं पाणी टिकलं असंल तर तिथूनच धारकुंडाचा धबधबा पाहून घ्या. वाटाड्या गावातूनच घ्या.

हळद्याचा_पोऱ्या:
आणि अजिंठा लेणी सोमवारी बंद असते ताई. सोमवार आला तर तो दिवस आमच्या वर घटोत्कचसाठी ठेवा आणि मंगळवारी फर्दापूर करा. फाट्यावर गाड्या ठेवून चार किलोमीटर तिथल्या बसनं जावं लागतं, तर सायकली निवासातच ठेवून या.