अनुभव धागा: तुमच्या कामात ‘पिच’ कशी मोजतात?

नट-बोल्टचं दुकान, रावपुरा (धागा काढणारा)

मंडळी, आमच्या दुकानात दिवसभर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “पिच कुठली?” काउंटरवर मात्र सगळ्या धंद्यांतली माणसं येतात. गॅरेजवाला चेनची पिच बोलतो, मांडववाला स्क्रीनची, संगीत शिकणारी मुलं स्वराची, तर मोतीबागेच्या क्रिकेट मैदानाकडून आलेला खेळाडू भलतीच. बडोद्यात कारखाने, गाणं आणि क्रिकेट तिन्ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, म्हणून हा प्रश्न इथल्याच माणसांना विचारावासा वाटला. शब्दकोशातले अर्थ नकोत. तुमच्या कामात पिच म्हणजे काय, ती कशी मोजता आणि चुकली तर काय बिघडतं, एवढं सांगा.

सुरुवात माझ्यापासून. एका आट्याच्या माथ्यापासून शेजारच्या आट्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर ही आमची पिच. १० एमएमच्या साध्या बोल्टला ती १.५ एमएम असते, बारीक आट्याच्या बोल्टला बहुतेकदा १.२५. इंची मालात हिशेब उलटा, एका इंचात आटे किती ते मोजायचं. खरा घात करतो तो अर्धा इंची बोल्ट. व्हिटवर्थचा (जुन्या इंग्रजी मापाचा) असेल तर इंचात १२ आटे, यूएनसी (अमेरिकन जाड आट्याचं माप) असेल तर १३. व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्याचा कोन ५५ अंश धरला, अमेरिकन आटा ६० अंशांचा. नुसत्या डोळ्यांना हे काही दिसत नाही. नट दोन-तीन फेरे गुमान चढतो आणि मग अडतो. माणसाला वाटतं गंज आहे, म्हणून तो पान्याला पाइप घालून जोर करतो आणि आटे सोलून निघतात. असे बोल्ट आमच्याकडे सारखे येतात. तेव्हा जोर लावायच्या आधी पिच गेजची (दातेरी पात्यांच्या मापाची) पाती आट्यात बसवा आणि उजेडासमोर धरा. जिच्याखालून उजेड दिसत नाही ती तुमची पिच.

निवृत्त टर्नर, मकरपुरा

भाऊंनी बोल्ट विकायचं सांगितलं, मी आटे कापायचं सांगतो. आमच्या वेळच्या बऱ्याच लेथचा लीड स्क्रू, म्हणजे टूलची गाडी (कॅरेज) सरकवणारा लांब स्क्रू, इंची असायचा, इंचाला चार आटे. त्यावर एमएमचे आटे कापायचे तर चेंज गिअरमध्ये (लीड स्क्रू फिरवणाऱ्या, बदलता येणाऱ्या चाकांत) १२७ दातांचं चाक लागायचं. एक इंच म्हणजे २५.४ एमएम, हे अपूर्णांकाचं लचांड. पण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ एमएम, त्यात काही उरत नाही. म्हणून दात १२७. आमचे उस्ताद ते चाक तेलाच्या फडक्यात गुंडाळून कुलपात ठेवत आणि काम झालं की स्वतः मोजून परत घेत.

आता जे नव्या पोरांना कुणी सांगत नाही ते सांगतो. इंची लीड स्क्रूवर एमएमचा आटा चालू असेल तर हाफ नट, म्हणजे कॅरेजला लीड स्क्रूवर धरून ठेवणारा नट, उघडायचा नाही. फेरा संपला की टूल मागे ओढायचं, मशीन उलटं फिरवायचं आणि कॅरेज तसंच अडकलेलं परत आणायचं. हाफ नट उघडलात की पुढच्या फेऱ्याला टूल आधीच्या खाचेत उतरेलच असं नाही. ते बाजूला दुसरी खाच पाडतं आणि जॉब भंगारात जातो. वेळ जातो, खरं आहे. पण व्हॉल्व्हचा स्पिंडल पितळेचा असतो आणि पितळ महाग.

शिवाय पिच आणि लीड (एका फेऱ्यात नट किती पुढे जातो ते) यांत गल्लत करू नका. दोन स्टार्टच्या, म्हणजे शेजारी-शेजारी दोन आटे कापलेल्या, स्पिंडलला एका फेऱ्यात नट दोन पिच पुढे जातो. त्याच्या ड्रॉइंगवर ‘लीड ८’ लिहिलं असेल तर पिच ४ आहे.

तबला शिकवते, दांडिया बाजार

आमच्याकडे पिच म्हणजे पट्टी, गाणाऱ्याचा षड्ज पेटीच्या ज्या स्वरावर असतो ती. गवई ‘काळी एक’ म्हणाले, गाणारी मुलगी ‘काळी चार’ किंवा ‘काळी पाच’ म्हणाली की त्याप्रमाणे तबला निवडायचा, कारण उंच पट्टीला लहान तोंडाचा तबला लागतो. मोठ्या तोंडाचा ओढून चढवायला गेलं तर पुडी (वरचं कातडं) फाटते.

मोजायचं यंत्र हल्ली फोनवरही मिळतं, पण मी मुलींना ते शेवटी दाखवते. आधी तानपुरा लावून षड्ज कानात भरू द्यायचा. मग गट्टे (बाजूच्या वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून तबला जवळपास आणायचा. त्यानंतर खरं काम गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या काठच्या विणलेल्या गोटावर. वरून हलकी ठोक दिली की स्वर चढतो, खालून दिली की उतरतो. गजऱ्याची सोळाही घरं एकाच स्वराला येईपर्यंत गोल फिरत राहायचं. एक घर उतरलेलं राहिलं तर ‘ना’ वाजतो तेव्हा त्याच्या पोटात दुसराच स्वर थरथरतो. गायकाला ते समेवर टोचतं, श्रोत्याला नुसतंच काहीतरी खटकतं.

बडोद्यातला पावसाळा हा आमचा मोठा शत्रू. दमट हवेत कातडं सैलावतं आणि पट्टी खाली येते. तोच तबला एसी हॉलमध्ये नेला की तासाभरात सुकून वर चढतो. म्हणून मी साथीला जाते तेव्हा वाद्य आधी हॉलमध्ये नेऊन नुसतं ठेवते, त्याला तिथली हवा लागू देते आणि मगच हातोडी काढते. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती संगीतशाळा सोपवली, त्या गावात शिकवतो आपण. मुलींनी बेसूर तबल्यावर रियाज केलेला मला चालत नाही.

गॅरेज, वाडी

मोटारसायकलच्या चेनवर ४२८ किंवा ५२० असा आकडा कोरलेला असतो. त्यातला पहिला अंक हीच पिच, अष्टमांश इंचात. चार म्हणजे ४/८, अर्धा इंच. पाच म्हणजे ५/८. एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत.

लोक म्हणतात चेन ताणली. पोलाद असं ताणत नसतं काका, पिना आणि बुश झिजतात आणि प्रत्येक कडीची पिच केसभर वाढते. चेन जागेवर ताठ ओढून ४२८ च्या २४ कड्यांवर स्केल ठेवा. १२ इंच भरायला हवं. सव्वाबारा सोडाच, बारा आणि एक अष्टमांश भरलं तरी चेन गेली. झिजलेली चेन दातांच्या बुडात बसत नाही, टोकाकडे चढते आणि दात हुकासारखे वाकडे खाते. त्यावर नुसती नवी चेन घातली तर तीही लवकर जाते. म्हणून पूर्ण सेट बदला म्हणतो, कमिशनसाठी नव्हे.

एलईडी स्क्रीन भाड्याने देतो, मांजलपूर

दोन दिव्यांमधलं अंतर, एमएममध्ये. पी १० म्हणजे १० एमएम, चौरस मीटरला १०,००० ठिपके. पी ५ घेतलं तर ४०,०००. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर मागून बघणाऱ्यांना मोठी पिच चालते, लग्नाच्या हॉलमध्ये नाही. ढोबळ हिशेब असा, जितके एमएम पिच तितके मीटर तरी माणूस लांब हवा.

स्थानिक सामन्यांत पंच

लोक बघतात तो २२ यार्ड लांब आणि १० फूट रुंद पट्टा, म्हणजे खेळपट्टी. आम्हाला दुसरी पिच जास्त सांभाळावी लागते, चेंडू कुठे पिच झाला, म्हणजे टप्पा. लेग स्टंपच्या बाहेर टप्पा असेल तर पुढे चेंडू मधल्या यष्टीवर आदळणार असला तरी पायचीत नाही. गोलंदाज किती का ओरडेना. हे ठरवायला पंचाला क्षणभर मिळतो, म्हणून मी चेंडू सुटताना यष्टींची रेघ डोळ्यांत धरून ठेवतो.

आणि बडोद्याच्या मुलांना हे माहीत असायलाच हवं: १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात याच गावात विजय हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९. होळकर संघाविरुद्ध चौथ्या विकेटला ५७७. कुठल्याही विकेटची ही सर्वांत मोठी भागीदारी २००६ पर्यंत टिकली.

शिल्पकला, फतेहगंज

माझी पिच अंतर नाही, पदार्थ आहे. तांब्याच्या पत्र्यावर मागून ठोकून उठाव काढतात, तेव्हा पत्रा ज्यावर बसवतात ते राळ, विटेची भुकटी आणि तेल यांचं घट्ट मिश्रण. ते हातोडीचा मार पोटात घेतं, म्हणून पत्रा फाटत नाही. बडोद्याच्या उन्हाळ्यात तेल कमी, थंडीत जास्त. मे महिन्यात थंडीचं मिश्रण वापरलं तर पत्रा रुततो आणि नाकडोळे सपाट होतात.

हा शब्द मुळात वेगळाच, लॅटिनमधून आलेला. डांबराची पिचही त्याच घरची. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ मध्ये नरसाळ्यात अशी पिच भरून ठेवली, १९३० मध्ये खालचं तोंड उघडलं आणि २०१४ पर्यंत तिचे नऊ थेंब पडले. हातोडीने मारली तर हीच पिच काचेसारखी फुटते.

पवनचक्कीवर काम करतो, घर गोरव्यात

आमची पिच म्हणजे पात्याचा स्वतःभोवतीचा कोन. वारा सेकंदाला साधारण २५ मीटरच्या वर गेला की पाती धार वाऱ्याकडे करून उभी राहतात. वीज गेली तरी ती वळली पाहिजेत, म्हणून आमच्या मशीनच्या हबमध्ये (पाती जोडलेल्या मधल्या भागात) बॅटऱ्या असतात. वर चढल्यावर त्या पहिल्यांदा तपासायच्या.

धागा काढणारा

ताई, राळेचं मला ठाऊकच नव्हतं. आता छपरावाल्यांना विचारतो. एकच गिऱ्हाईक मागच्या पावसाळ्यात दोन मिस्त्र्यांकडून दोन आकडे घेऊन आलं होतं. दोघंही ‘पिच’ म्हणत होते आणि दोघांचीही खात्री होती. असं का?

सुतारकाम, पिढीजात, मांडवी

दोघेही बरोबर असतील. जुने मिस्त्री उंची भागिले पूर्ण गाळा (एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर) धरतात, नवे इंजिनिअर उंची भागिले अर्धा गाळा. १२ फुटांचा गाळा, मध्ये ३ फूट उंची. जुन्या हिशेबाने पिच पाव, नव्याने एकास दोन. छप्पर तेच. पण पाव हा आकडा नव्या माणसाच्या हातात गेला तर तो मध्ये दीडच फूट उंची घेईल, कौलांखाली पाणी मागे सरकेल आणि वासे सडतील. तुमच्या गिऱ्हाईकाला सांगा, कागदावर पिच लिहूनच घेऊ नका. गाळा आणि उंची फुटांत लिहून घ्या आणि खाली सही घ्या.