'अंतर्विष' हे खरंच विष आहे का?

प्रश्न : बहिणीच्या मायक्रोबायॉलॉजीच्या नोट्स मराठीत करतेय. एक्झोटॉक्सिनला (जंतू बाहेर सोडतात ते विष) बहिर्विष आणि एंडोटॉक्सिनला (जंतूच्याच शरीराचा भाग असलेलं) अंतर्विष लिहिलं. पण वाचताना वाटतं की दोन्ही विषंच, एक आतलं नि एक बाहेरचं, एवढाच फरक. चालेल का?

प्रतिसाद : बहिर्विष बिनधास्त लिहा. घटसर्पाचं विष पेशीत शिरून प्रथिनं बनवणंच बंद पाडतं, ते अस्सल विष आहे. अंतर्विष हा शब्द मात्र मला कायम खटकतो. १८९२ मध्ये रिचर्ड फायफरने बर्लिनमध्ये बघितलं की कॉलऱ्याचे उष्णतेने मारलेले जंतूही गिनिपिगचा जीव घेतात, म्हणून विष जंतूच्या आतच असणार असं त्याने धरलं आणि नाव पडलं ते पडलंच. आज माहितीय की हा पदार्थ म्हणजे एलपीएस (लिपोपॉलिसॅकराइड, मेद आणि शर्करा जोडलेला रेणू), आणि तो आत नसतो, ग्रॅम-निगेटिव्ह (बाहेरून एक जादा पडदा असलेल्या) जंतूच्या बाहेरच्या आवरणातच असतो. आणि तो स्वतः फारसं काही करत नाही, आपल्या मॅक्रोफेजवरचा (जंतू गिळणाऱ्या पेशींवरचा) टीएलआर४ हा रिसेप्टर त्याला ओळखतो, मग टीएनएफ वगैरे दाह पेटवणारी रसायनं सुटतात, हुडहुडी भरून ताप येतो, आणि प्रमाण जास्त झालं की बीपी पार खाली जातं. म्हणजे मारक ठरते ती आपलीच प्रतिक्रिया.

पुरावा तर जबरदस्त आहे. सी३एच/एचईजे जातीच्या उंदरांना एलपीएसचा मोठा डोस दिला तरी काही होत नाही, कारण त्यांचा टीएलआर४ बिघडलेला असतो, हे ब्रूस बॉयटलरच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं (२०११ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे). पण त्याच उंदरांना थोडेसे जिवंत साल्मोनेला टोचले की ते मरतात, कारण जंतू आलेत हे शरीराला वेळेवर कळतच नाही!

प्रश्नकर्ती : मग बहिर्विष शरीराला कळतं कसं?

प्रतिसाद : बऱ्याचदा विषापेक्षा त्याची करणी कळते. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) या जंतूचं विष पेशीतली ऱ्हो प्रथिनं निकामी करतं, ती बंद पडली की पायरिन नावाचं प्रथिन जागं होतं आणि दाह सुरू होतो. छिद्रं पाडणाऱ्या विषांमुळे पेशीतलं पोटॅशियम बाहेर गळतं, ते एनएलआरपी३ हे पेशीतलंच प्रथिन हेरतं. हे सगळं उपजत प्रतिकारशक्तीचं काम, त्याला आधीची ओळख लागत नाही.

नोट्समध्ये मी तरी एंडोटॉक्सिन असंच ठेवेन आणि पहिल्यांदा येईल तिथे 'जंतूच्या आवरणातला ज्वरकारक घटक' असं लिहीन.