जखमी पक्षी आणि चमच्याने पाजलेले दूध

एका चित्रपटाविषयी असे मत वाचले की, जखमी पक्ष्याच्या शुश्रूषेतून नायक-नायिकेचे प्रेम फुलते हे त्याचे कथासूत्र गोड आहे आणि पक्ष्याला चमच्याने दूध पाजण्याचा प्रसंग 'अगदी खरा' वाटतो. कथासूत्राबद्दलच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र दूध पाजण्याच्या प्रसंगाबद्दलचे मत पटत नाही. पक्ष्यांना दुधातील शर्करा पचत नाही, आणि त्यांच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असल्याने बळेच ओतलेला द्रव थेट फुप्फुसांत जाऊ शकतो.

गेल्या पावसाळ्यात फोंड्याला आमच्या घराच्या काचेवर एक खंड्या आदळला. लाल चोच अर्धवट उघडी, एक निळा पंख लोंबलेला. मीही आधी पाण्याची वाटीच शोधली, पण शेजारच्या काकींनी मला थांबवले आणि त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, निवांत ठेवायला लावले. तासाभराने आम्ही वनखात्याला कळवले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा प्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांत कळवावे लागते, त्यामुळे पडद्यावरच्या त्या जोडप्याने पक्षी महिनाभर घरात ठेवलेला पाहताना माझे लक्ष प्रेमकथेपेक्षा त्या पंखाकडेच लागून राहिले.