'रिफ्रॅक्टरी'ला मराठी शब्द: दुर्दम्य, उच्चतापसह की निबर?

भाषाप्रेमी_ताराबाईपार्क: काल शिरोली एमआयडीसीत पाटी बघितली, 'रिफ्रॅक्टरी विभाग', म्हणजे भट्टीतल्या जाळ सोसणाऱ्या विटा-अस्तराचा. अहो 'दुर्दम्य' आहे की मराठीत! मूळ लॅटिन शब्दच हट्टी माणसासाठीचा, भट्टीचा अर्थ मागनं चिकटला. मग आपणही माणूस आणि वीट दोन्हीला दुर्दम्य म्हणू. फौंड्रीवाल्यांचा, म्हणजे धातू ओतणाऱ्यांचा आळस, दुसरं काय.

उद्यमनगरचा_पोरगा: आळस? जेवताना वाचलं, ताट तसंच ठेवून लिहितोय. बावीस वर्षं भट्टीवर आहे मी. दुर्दम्य म्हणजे ज्याचं दमन होत नाही, आणि आमच्या लायनिंगचं, भट्टीच्या आतल्या सिलिकाच्या अस्तराचं, रोज होतंय. कास्ट आयर्न १५०० डिग्रीच्या आसपास, सिलिका वितळते १७०० च्या पुढं, त्यात स्लॅगमध्ये, धातूवरच्या मळीत, चुना जास्त झाला की सिलिका खाल्लीच म्हणून समजा, आगीला टिकतंय आणि चुन्यापुढं मान टाकतंय, हे कसलं दुर्दम्य? एकदा मालकानं नवीन लायनिंग न करता पॅचिंगवर भागवलं, रात्रपाळीत वितळलेला धातू लायनिंग फोडून भट्टीभोवतीच्या विजेच्या कॉईलपर्यंत पोचला, माझा जळका बूट अजून माळ्यावर आहे. तेव्हा कुणी 'दुर्दम्य फुटलं' म्हणून बोंबललं नाही. 'लायनिंग गेलं, पावर तोड' एवढंच.

भाषाप्रेमी_ताराबाईपार्क: बरं, मग 'उच्चतापसह' घ्या. विश्वकोशात आहे.

उद्यमनगरचा_पोरगा: अर्ध्या तासात दुर्दम्य दमला व्हय?

सिस्टर_कागल: तुम्ही विटांवर भांडत बसा. माझ्या भाच्याला फिट येतात, दोन औषधं नीट डोसनं देऊनसुद्धा थांबेनात म्हणून फाईलवर रिफ्रॅक्टरी लिहिलं. एकानं मराठीत 'दुर्दम्य अपस्मार' सांगितलं तर वहिनीला वाटलं पोराला हट्टी म्हणताहेत, तीन दिवस कुणाशी बोलली नाही. शेवटी मीच सांगितलं, 'औषधाला दाद देत नाही अशी फिट'. लगेच कळलं.

चुलवाण_पन्हाळा: आमच्यात सरळ 'निबर' म्हणतात. चुलवाणाची, गुऱ्हाळाच्या चुलीची, माती जाळ खाऊन खाऊन निबर होती, जुना जळव्या, जाळ घालणारा गडी, तो पण निबर. पण आता गुऱ्हाळच कुठं राह्यलीत? चिपाडं सोडून काहीजण टायर जाळतात, काहिलीत साखर ओततात आणि वर कोल्हापुरी गूळ म्हणून विकतात.

उद्यमनगरचा_पोरगा: निबर वांगं असतंय भावा. निबर म्हणजे कोवळेपण गेलेलं. आमचं लायनिंग पहिल्या दिवसापासनं टिकायला लागतं.

चुलवाण_पन्हाळा: पहिल्या हीटला, भट्टी पहिल्यांदा तापवताना, लायनिंग भाजूनच घट्ट करता न्हवं? मग ते निबर होणंच की!

उद्यमनगरचा_पोरगा: …हां, सिंटरिंग म्हणतात त्याला. हे एक मान्य. एकच.

शाहूपुरी_व्यापारी: सगळे गुऱ्हाळवाले साखर ओततात हे कुणी सांगितलं? पिवळाधमक गूळ मागतंय कोण? गिऱ्हाईक. काळपट ढेप दाखवली की तोंड फिरवतात.

चुलवाण_पन्हाळा: 'काहीजण' लिहिलंय, नीट वाचा. तुम्हाला बरं लागलं लगेच!

भाषाप्रेमी_ताराबाईपार्क: मंडळी, विषय शब्दाचा होता. सिस्टर, 'दाद न देणारं' हे माणसाला, औषधाला, आगीला सगळीकडं बसतंय खरं. पण पाटीवर काय लिहायचं, 'दाद न देणारा विभाग'?

सिस्टर_कागल: तशी पाटी आमच्या अकाउंट विभागाला लावा आधी. तीन महिने ओव्हरटाईम थकलाय.

शाहूपुरी_व्यापारी: गुळाचं उत्तर राहिलं. यावेळी सौद्याला या, ढेप फोडून दाखवतो.

चुलवाण_पन्हाळा: येतो. ढेप मी निवडणार पण.