'इकॉनॉमिक अब्यूज'ला मराठीत काय म्हणाल?

शमिका_द: ग्रामपंचायतीत लावायच्या फलकाचा मजकूर करतेय. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात चार प्रकार आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. चौथ्यापाशी गाडी अडलीय. 'आर्थिक अत्याचार' वाचून आमच्या अंगणवाडीताई म्हणाल्या, "पतपेढी बुडाली का काय?" 'आर्थिक छळ' म्हटलं तर त्यांच्या डोक्यात थेट हुंडा. सुनेची मजुरी काढून घेणं, स्त्रीधन परस्पर मोडणं, घरखर्चाला पैसे न देणं, या सगळ्याला मिळून एक शब्द हवाय.

बोरूबहाद्दर: 'आर्थिक कोंडी'. झालं काम.

शमिका_द: कोंडी साखर कारखान्याचीही होते हो. यात करणारा कोण ते दिसत नाही.

माईंची_लेक: आमच्या आजीकडे यासाठी शब्द नव्हता, किल्ली होती. आजोबांच्या जानव्याला. चहाची साखरसुद्धा ते वाटीने मोजून द्यायचे आणि पाहुणा आला की आजी शेजारून उसनी आणायची. ती म्हणायची, "मला नाडलं." नाडणे का चालू नये?

तात्या_कोकणे: नाडणे छानच, पण 'आर्थिक नाडणूक' फलकावर कशी दिसेल? आणि मुळात छळ या शब्दावर अन्याय नको. संस्कृत छल म्हणजे कपट. हिंदीत तोच अर्थ टिकला, जुन्या दंडसंहितेच्या हिंदी पाठात कलम ४२० म्हणजे 'छल'. आपल्याकडे ल चा ळ झाला आणि कपटाचा जाच झाला!

खाकी_निवृत्त: ठाण्यात आम्ही 'जाचहाट' लिहायचो. ४९८अ ची, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाची, फिर्याद 'शारीरिक व मानसिक छळ, जाचहाट' याशिवाय पुरी व्हायची नाही.

बोरूबहाद्दर: जाचहाट म्हणजे जाचाचा बाजार. हाट = बाजार.

तात्या_कोकणे: काहीही! असं असेल तर बोभाटा म्हणजे भाट्यांचा बाजार का?

माईंची_लेक: दोरी काचते, तसाच सासूचा काच. काच आणि जाच जुळे असावेत असं मला आपलं वाटतं. पुरावा मागू नका.

वकीलीणबाई: खाकीसाहेब, ते शब्द इथे नकोत. ४९८अ १९८३चं, फौजदारी. आता भारतीय न्यायसंहितेत कलम ८५. शमिकाताईंचा कायदा वेगळा. त्यात बाई कलम १२ खाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करते, नवरा 'आरोपी' नसतो, गैरअर्जदार असतो. फलक पोलिसी झाला की बायका या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जायलाही बिचकतात. नवऱ्याला आत टाकायचं नसतं त्यांना, घरात राहायचं असतं.

तात्या_कोकणे: मग 'विनयभंग'चंही बघा की. भंग पावतो तो विनय नक्की कोणाचा?

वकीलीणबाई: त्याचा वेगळा धागा काढा, मी येते भांडायला.

शमिका_द: मंडळी, छापखानेवाला दारात उभा आहे. नाम सोडून दिलं. मजकूर असा: "घरखर्चाला पैसे देत नाहीत? मजुरी काढून घेतात? दागिने न विचारता मोडले? हीसुद्धा हिंसाच आहे."

बोरूबहाद्दर: 'हिंसाच' की 'हिंसाचारच'? कायद्याच्या नावात हिंसाचार आहे.

तात्या_कोकणे: आचार म्हणजे सवय. एकदाच केली तर हिंसा.

माईंची_लेक: एकदाच कोण करतं, तात्या?